गप्प आणि शांत

भाद्रपदात रस्त्यावरच्या कुत्र्या माजावर येतात आणि साधारण ६३ दिवसांनी, ऐन थंडीच्या तोंडावर, कुठल्या तरी जिन्याखाली नाहीतर बंद टपरीमागे पिल्लं जन्मतात. पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये यंदा अशी पाच होती. त्यांची आई गाडीखाली गेली. चौघांना घरं मिळाली, पाचवी आमच्याकडे आली. डॉक्टरांनी दात बघून सांगितलं, दोन महिन्यांची असेल. लेकीनं नाव ठेवलं चिमी.

चिमीसाठी आम्ही क्रेट आणला, तेव्हा आई म्हणाली, "पिंजऱ्यात कशाला घालता गं तिला?" मराठीत या वस्तूला दुसरा शब्दच नाही, आणि पिंजरा म्हटलं की पोपट आठवतो, नाहीतर सर्कशीतला वाघ. तरी मला क्रेट हवा होता. एवढंसं पिल्लू वायर चावतं, फिनेलच्या बाटलीशी खेळतं, बाल्कनीच्या गजांतून डोकं काढतं. शिवाय या वयाचं पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं. सतत कोणी ना कोणी उचलत राहिलं, तर त्याची झोप पुरी होत नाही आणि ते अधिकच चिडचिडं होतं. त्याला हक्काची एक जागा हवीच.

पहिल्या रात्री क्रेट हॉलमध्ये ठेवला, दार लावलं, वरून चादर टाकली. "रडू दे, दोन दिवसांत सवय होते," असं सगळ्यांनी सांगितलं होतं. चिमी रडली. आधी कुरकुर, मग किंकाळ्या, मग गळा काढून लांबलचक हेल. साडेबाराला खालून वॉचमनचा इंटरकॉम आला. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "रात्रीचं कुत्रं रडणं बरं नाही हो." मला तेव्हा एकच हवं होतं, तिनं गप्प व्हावं. पहाटे तीनच्या सुमारास ती गप्प झाली आणि मी सुटकेचा श्वास टाकून झोपले.

सकाळी चादर काढली. चिमी मागच्या कोपऱ्यात पाठ टेकून बसली होती. छाती लाळेनं ओली, खालचं फडकं शूनं भिजलेलं, गजांवर घासून नाकाचं साल निघालेलं. खाऊ तसाच पडला होता. मी दार उघडलं तरी ती बाहेर आली नाही.

ते नाक मी विसरू शकत नाही. गप्प बसणं वेगळं आणि शांत होणं वेगळं, हे त्या सकाळी मला कळलं. रडून काही उपयोग नाही हे पटलेलं पिल्लूही गप्प होतं.

डॉक्टर म्हणाले, "दोन महिने भावंडांच्या ढिगात झोपलेलं पोर आहे ते. आयुष्यात पहिल्यांदा एकटं झोपलंय." अमेरिकेतले मेंदूसंशोधक याक पँकसेप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली दाखवून दिलं होतं, की एकट्या पाडलेल्या पिल्लाचं रडणं मॉर्फिनच्या अगदी लहानशा मात्रेनं ओसरतं. एकटेपणाची कळ आणि अंगातली कळ मेंदूत अशी शेजारी-शेजारी असते. मग रडणाऱ्या पिल्लाला हट्टी कसं म्हणायचं? त्याला दुखत असतं.

आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. क्रेट माझ्या पलंगाशी आला. आईनं तिचं एक जुनं सुती लुगडं घडी करून आत घातलं. धुतलेलं नको, अंगावरचं दे, असं मीच म्हटलं, कारण पिल्लाला ओळख पटते ती वासानं. आई म्हणाली, "आमच्या गोठ्यातसुद्धा वासरू वेगळं बांधायचं तर गाय दिसेल असंच बांधायचे."

दोन दिवस दाराला हातच लावला नाही. जेवण आत, आणि रोज ताटली थोडी आणखी मागे. उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे लुगड्याच्या घड्यांत लपवून ठेवायचे. ती हुंगत आत जायची, शोधायची, बाहेर यायची. तिसऱ्या दिवशी रबरी खेळण्यात दही भरून फ्रीजरमध्ये गोठवलं आणि ती ते चाटण्यात गुंग असताना दार लोटलं. मनात दहा आकडे मोजले आणि ती मान वर करायच्या आत उघडलं. मग वीस आकडे, मग एक मिनिट. ती अस्वस्थ झाली की घाई आमची झाली असं समजायचं आणि एक पायरी खाली उतरायचं.

रात्री मी गजांतून दोन बोटं आत सोडून झोपायचे. या वयात शू दोन-तीन तासांपलीकडे धरवत नाही, म्हणून अकरा, दोन आणि पाचचा गजर लावला. रडून उठायच्या आधीच तिला उचलायचं, दिवा न लावता, न बोलता बाल्कनीतल्या ट्रेवर सोडायचं आणि परत आत. लसी पूर्ण झाल्या नसल्यानं खाली नेणं धोक्याचं होतं.

रडण्यातला फरक हळूहळू कानाला कळू लागला. दमलेल्या पिल्लाची कुरकुर थांबत-थांबत येते आणि उतरत जाते. तिथे काही करायचं नाही, फक्त जवळ असायचं. शूची घाई असली की आवाज एकाएकी सुरू होतो आणि पिल्लू गोल फिरतं. भीतीचं रडणं मात्र चढत जातं, मधे श्वासही घेत नाही. ते कधीही चालू द्यायचं नाही. कुरकुर दोन क्षण थांबली की तेव्हा दार उघडायचं. निवांतपणानं दार उघडतं, हे पिल्लू फार लवकर शिकतं.

एवढं सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. हल्ली कितीतरी घरांत पिल्लू आणलं जातं आणि घरचे सगळे नऊ तास कामाला जातात. तेवढा वेळ ते क्रेटमध्ये, आणि तो क्रेट बाल्कनीत. एप्रिलच्या उन्हात लोखंडी गज तापतात, पत्र्याचा ट्रे तापतो, आणि कुत्र्याला धापा टाकण्यावाचून अंग थंड करायचा फारसा उपाय नसतो. शेजारी आवाजाची तक्रार करतात, मग त्याला दटावलं जातं, गजांवर काठी आपटली जाते. माझी हात जोडून विनंती आहे, घरात दिवसा कोणीच नसेल तर पिल्लू आणू नका. क्रेट माणसाची जागा घेऊ शकत नाही. आणि शिक्षा म्हणून तर त्यात कधीही कोंडू नका. एकदा का क्रेटची कोठडी झाली, की कितीही चिकन टाका, भीती सहजासहजी निघत नाही.

डॉक्टरांनी एक खूण सांगितली होती. पिल्लू पुढचे पाय रोवून, दोन्ही मांड्या पोटाखाली घेऊन बसलं असेल तर ते आवाज करत नसलं तरी पळायच्या तयारीत आहे. त्याची एक मांडी कलंडली, मागचे पाय एका बाजूला आले, की समजायचं, आता सैल झालं.

अकराव्या रात्री, गजर व्हायच्या आधीच मला जाग आली. खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येत होता. चिमी बसल्या बसल्या डुलत होती. मग हळूच तिची मांडी कलंडली, हनुवटी लुगड्यावर टेकली, नाकातून एक लांब श्वास सुटला. मी बोटं बाहेर काढून घेतली. तिनं मान वर केली नाही. क्रेटचं दार उघडंच होतं.