सही कोणाची?

रेवसची सज्ञान विवाहिता गर्भपातासाठी अलिबागेस गेली असता ‘नवऱ्याची सही आणा’ म्हणून तिला परत धाडणे, हा आमच्या मते उघड अन्याय होय. नवरा तेव्हा मासेमारीस भर समुद्रात! शांतिलाल शहा समितीच्या अहवालानंतर झालेल्या १९७१ च्या कायद्यास डॉक्टरांचे मत लागते. संमती मात्र सज्ञान स्त्रीची एकटीची पुरते. २० ते २४ आठवड्यांच्या सवलतीतून अविवाहितेसही वगळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ठरविले. ज्याचे खाते त्याची सही, हे पेढीवरील पोरासही कळते. जीवहत्येचा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. परंतु सहीपायी दवडलेला आठवडा गर्भ वाचवीत नाही, बाईस मात्र वैदूच्या काडीकडे लोटतो. आरोग्य खात्याने कायद्यातील संमतीचे कलम प्रत्येक रुग्णालयाच्या दारी मराठीत ठळक लावावे.