फाटकाबाहेरची आई

भेटीच्या दिवशी निरीक्षणगृहाच्या, म्हणजे आपण अजून ज्याला रिमांड होम म्हणतो त्याच्या, फाटकाबाहेर उभं राहून पाहावं. रांगेत बहुतेक बायाच. कामाचा खाडा करून आलेल्या, पिशवीत पोराचा धुतलेला शर्ट. त्यांतली एक मला म्हणाली, "ताई, जामिनाच्या कागदावर सही केली तर गुन्हा कबूल केल्यासारखं होतं ना?" तिचा सतरा वर्षांचा मुलगा मोबाइलचोरीच्या आरोपावरून आत. या एका गैरसमजापायी तो तीन आठवडे तिथे होता.

तिला कोणीच सांगितलं नव्हतं की २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला जामीन देणं हाच नियम आहे, गुन्हा कोणताही असो. नाकारायचा तर कारणं मंडळाने नोंदवायला हवीत. सात दिवसांत जामिनाच्या अटी पुऱ्या करता आल्या नाहीत, तर त्या बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणायचं. मुलाला पकडल्यावर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं, लॉकअपमध्ये ठेवायचंच नाही. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो. निरीक्षणगृह ही शिक्षा नव्हे, चौकशी संपेपर्यंतची जागा आहे. मुलाने गुन्हा केल्याचं ठरलंच तर विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर सात वर्षं वा त्याहून जास्त किमान शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर मात्र प्रकरण बाल न्यायालयात जाऊ शकतं. ही तरतूद दिल्लीच्या २०१२च्या घटनेनंतरच्या संतापातून आली. त्या संतापात आपल्यातल्याही काहीजणी होत्या. मला ती तेव्हाही पटली नव्हती.

खरी गोम आहे ती परिवीक्षा अधिकाऱ्याच्या सामाजिक तपासणी अहवालात. घरी चौकशी होते ती आईची. बाप पितो, ही नुसती माहिती. आई दिवसभर कामाला जाते, हा दोष. शिकाऊ असताना मीही असे अहवाल लिहिलेत. "आईचे लक्ष नाही" लिहायला अर्धी ओळ पुरते, आणि जामीन नाकारायला तेवढा आधार होतो.

आपण तरी वेगळं काय करतो? छेडछाडीच्या प्रकरणातल्या मुलाची आई एका केंद्रावर मदत मागायला आली, तेव्हा तिला दारातूनच परत पाठवलं गेलं. आपण त्या मुलीच्या बाजूने उभं राहायचंच, त्यात दुमत नाही. पण ही बाई आरोपी नव्हती, आणि तिला हवी होती फक्त तारीख वाचून दाखवणारी कोणीतरी.

अशी कोणी तुमच्याकडे आली तर तिच्याबरोबर मंडळात जा. पहिल्याच तारखेला मुलाचा शाळेचा दाखला न्यायला सांगा. तो नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी होते, आणि तिच्यात वर्ष-दोन वर्षं सहज इकडची तिकडे होतात. सतराचा पोरगा एकोणीसचा ठरला, की त्याची रवानगी थेट मोठ्यांच्या तुरुंगात.