ताटातला मर्दपणा

गेल्या रमजाननंतर युरिक ॲसिड वाढल्याचा रिपोर्ट आला आणि मी गोश्त सोडलं. मग हळूहळू अंडी-दूधही. पोटाला जड गेलं नाही, जड गेलं ते दावतीत. "क्या मियाँ, घासफूस?" मामू हसले. चुलतभावाने हळूच विचारलं, "कुणाला घाबरलास?"

हा दुसरा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदी आहे. 'नॉनव्हेज चालत नाही' म्हणत आपल्याला भाड्याचं घर नाकारलं जातं. अशा वेळी ताट बदलणारा तरुण शरण गेल्यासारखा दिसतो. पण लादलेला शाकाहार वेगळा आणि मी निवडलेलं जेवण वेगळं. पहिल्याला माझा विरोध कालही होता, आजही आहे. आणि गोश्त हलाल आहे म्हणजे परवानगी आहे, सक्ती नव्हे.

जिममधल्या पोरांना प्रोटीनची धास्ती. शंभर ग्रॅम कोरड्या मसूर डाळीत साधारण २४ ग्रॅम प्रोटीन असतं, सोयाबीनमध्ये ३६ च्या आसपास. बी-१२ मात्र डाळ-भाजीतून मिळत नाही, त्याची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी.

खरी अडचण मला महिन्याभराने दिसली. माझ्यासाठी अम्मी रोज वेगळं पातेलं चढवत होती. निर्णय माझा, राबणं तिचं! आपल्यातल्या किती पुरुषांना साधा दालचा करता येतो? मी आता शिकतोय, बिनगोश्तचा. पहिल्यांदा चिंच जास्त पडली. अब्बांनी तरी खाल्ला.