दातओठ खाताय? जबडा सांभाळा!

माझी एक मैत्रीण अॅड एजन्सीत आहे. वर्षभर जांभई दिली की तिच्या कानाजवळ ‘कट्’ असा आवाज यायचा आणि आम्ही खिदळायचो. मग एके दिवशी आवाज बंद! मॅडम खूश. पण त्याच आठवड्यात वडापाव तोंडात मावेना. पेनकिलर गिळत दोन महिने काढले, तेव्हा कुठे स्वारी डेंटिस्टकडे गेली. ‘आवाज गेला म्हणजे दुखणं गेलं असं नाही,’ त्यांनी सांगितलं.

भानगड काय, तर दोन्ही कानांच्या पुढे जबड्याचा एकेक सांधा असतो. तिथे बोट ठेवून तोंड उघडा, हललेला लगेच कळेल. खालच्या जबड्याचं टोक आणि कवटीतली खोबण यांच्यामध्ये एक चकती असते, शॉक अॅब्सॉर्बरच म्हणा ना. ती पुढे सरकते आणि तोंड उघडताना परत जागेवर येते, तेव्हा ‘कट्’ होतं. नुसता आवाज असेल, दुखत नसेल तर नो टेन्शन. तो कित्येकांना असतो. पण चकती पुढेच अडकली, तर आवाज थांबतो आणि तोंड कमी उघडतं. अशा सांध्यात हाडाची झीज जास्त आढळते. टोक चपटं होतं, खडबडीत होतं.

मग धोका कोणाला? पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. वयाबरोबर तो वाढतो, पण विशी-तिशीतले सुटले असं समजू नका. चकती अडकलेली असेल, पूर्वी बाइकवरून पडून हनुवटीला मार बसला असेल किंवा रूमेटॉइड संधिवात असेल, तर जास्त सावध राहा. झोपेत दात खाण्याची किंवा डेडलाइनला दातांवर दात आवळून बसण्याची सवय? ती एकटी हाड झिजवते असं म्हणता येणार नाही, पण सांध्यावरचा भार नक्की वाढवते.

सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे ‘कट्’ऐवजी करकर, वाळूवर चप्पल घासल्यासारखी. सोबत दुखतही असेल, तर तपासणी टाळू नका. हाडाची झीज कोन बीम सीटीत दिसते, चकती एमआरआयमध्ये. गंमत म्हणजे स्कॅनमध्ये झीज जितकी, दुखणं तितकंच असं अजिबात नाही. त्यामुळे रिपोर्ट बघून रडू नका. बहुतेकांचं ऑपरेशनशिवाय भागतं. मऊ जेवण, गरम शेक, डॉक्टरांनी शिकवलेले व्यायाम, गरज पडली तर रात्री दातांवर स्प्लिंट.

घरच्या घरी एक टेस्ट करा. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये मावतात का? मावत नसतील आणि दुखतही असेल, तर अपॉइंटमेंट घ्याच. आणि मॉनिटरवर एक चिठ्ठी चिकटवा: ओठ मिटलेले, दात सुटे! च्युइंगगमला सुट्टी, पेन चावणं बंद.

मैत्रीण आता बरी आहे. वडापाव मात्र अजून तुकडे करूनच खाते. बॉसवर राग आला तर खुशाल शिव्या घाला (मनातल्या मनात!), पण दातओठ खाऊ नका. बॉसचं काही बिघडत नाही, जबडा तुमचा जातो.