अशुद्ध प्रतीतले ‘सिंहासन’

‘निदान पाहायला मिळते ना, मग तक्रार कसली?’ जुन्या मराठी चित्रपटांच्या तबकड्यांविषयी बोलू लागले की हा प्रश्न ठरलेला. मराठीच्या प्राध्यापकाच्या तोंडून तो आला की मात्र चीड येते. एकेका अनुस्वारावरून तासभर वाद घालणारे आपण. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे दरवर्षी वर्गात सांगणारेही आपणच. चित्रपट समोर आला की पाठचिकित्सा कुठे जाते?

जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ (१९७९) घ्या. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी त्याची पटकथा लिहिली. मुख्यमंत्र्यांविरुद्धचा कट इथे दूरध्वनीवर, बंद खोल्यांत, अर्ध्या वाक्यांत शिजतो. अरुण सरनाईकांच्या चेहऱ्यावरचा क्षणभराचा संशय, डॉ. लागूंचा खाली उतरणारा आवाज, निळू फुल्यांच्या दिगू टिपणीसचे नुसते पाहणे हीच त्याची संहिता. पिंपळे गुरवमधल्या एका दुकानातून पूर्वी घेतलेल्या माझ्या व्हीसीडीत नेमकी तीच गहाळ होती. सावल्यांचे चौकोनी ठोकळे झालेले, कुजबुज खरखरीत बुडालेली, आणि कोपऱ्यात कंपनीचे बोधचिन्ह ठाण मांडून! व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे, त्यात करड्या छटा मावणार किती? पण सगळा दोष तंत्राच्या माथी मारता येत नाही. झिजलेली प्रत तशीच उतरवली तर ब्लू-रेवरही झीजच दिसते. व्हीसीडी मागे पडल्या, तरी तसल्याच प्रती आता संगणकावरून वर्गातल्या पडद्यावर येतात.

कपोलाच्या ‘द कॉन्व्हर्सेशन’मध्ये (१९७४) चोरून ध्वनिमुद्रित केलेल्या वाक्यात आघात कोणत्या शब्दावर आहे, यावर साऱ्या कटाचा अर्थ फिरतो. तो खरखरीत ऐकवून कोणी रसग्रहण मागितले तर आपण हसू. ‘सिंहासन’बाबत आपण तेच करतो. विद्यार्थी कथानक लिहितात, आपण गुण देतो.

मूळ निगेटिव्हवरून नवी प्रत करणे खर्चाचे आहे, मान्य. पण कोणत्या प्रतीवरून, केव्हा उतरवले, आणि सेन्सॉर प्रमाणपत्रावरील लांबीशी ते जुळते का, एवढे छापायला कितीसा खर्च? साध्या पोथीचा संपादकही प्रस्तावनेत इतके सांगतो. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झाले. पिंपळे गुरवहून ते काही परदेशात नाही. आपल्यापैकी किती मराठी विभागांनी तिथे चांगल्या प्रतीची चौकशी करणारे एक साधे पत्र तरी धाडले आहे?