मानधन की मजुरी?

करंजाड्यात राहणारा आमचा एक माजी विद्यार्थी भाषांतरे, उपशीर्षके, जाहिरातींचा मजकूर अशी कामे घरबसल्या करतो. परवा त्याने विचारले, ‘सर, नुसत्या लिहिण्यावर घर चालेल का?’ आम्ही सवयीने बाबुराव अर्नाळकरांचे नाव घेतले. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारा लेखक! पण लगोलग अण्णा भाऊ साठे आठवले. ‘फकिरा’ला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, तरी १९६९ साली अण्णा भाऊ गेले ते दारिद्र्यातच. तेव्हा भरपूर लिहिणे वा गाजणे, हे काही उत्तर नव्हे.

दुखणे ‘मानधन’ या शब्दातच असावे. मान आधी, धन जमल्यास. सुताराला कुणी मानधन देत नाही, मजुरी देतात आणि ती तो काम धरण्यापूर्वी ठरवून घेतो. लेखकानेही दर, मुदत आणि हक्क लेखी ठरवून घ्यावेत. १९५७ चा कॉपीराइट कायदा येथे त्याच्याच बाजूचा आहे. हक्कांचे हस्तांतर लेखीच हवे, आणि मुदत नमूद नसेल तर ते पाच वर्षांपुरतेच धरले जाते. एम.ए.च्या वर्गात आम्ही हे कधी शिकवले नाही.

आणखी एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. दर दिवाळीला आम्ही पगारदार प्राध्यापक अंकांना लेख फुकट देतो, वर त्यास वाङ्मयसेवा म्हणवतो. त्या पानांचे पैसे कुणाचे बुडतात, हे त्या मुलासमोर बसल्यावर प्रथमच जाणवले. यंदा एका संपादकांना आम्ही दर विचारला आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.