घराजवळची शाळा

आमचे बालपण शहाअलीबंड्यात गेले. दारातून खडा मारला तर पोहोचेल एवढ्या अंतरावर एक सरकारी प्राथमिक शाळा होती. पोलीस ॲक्शन होऊन वर्ष-दोन वर्षे झाली होती, तरी तिला सारा मोहल्ला तहतानिया मदरसाच म्हणे. तिची घंटा आम्हाला घरात बसून ऐकू येई. पण ती आमची घंटा नव्हती. आमची शाळा नदीपलीकडे, जांबागेत. चारमिनारच्या बाजूने गुलजार हौजाला वळसा घालायचा, पत्थरगट्टीतून नयापुलावर यायचे, मूसी ओलांडायची आणि अफजलगंज, गवळीगुडा करीत विवेक वर्धिनीच्या फाटकाशी पोहोचायचे. लहान पायांना पाऊण तास सहज लागे. पावसाळ्यात पुलावरच्या वाऱ्याने छत्री उलटी होई आणि पाटीवरचा गृहपाठ वाटेतच धुऊन जाई. शेजारच्या हकीमसाहेबांचा मुलगा दुपारी घरी येऊन जेवून पुन्हा वर्गात जात असे. तो विचारी, "तुमारा मदरसा इत्ता दूर कायकू?" वडिलांना विचारले तर ते म्हणत, "इथे तुला धडा समजावून कोण सांगणार? तिथले गुरुजी आपल्या भाषेत सांगतात." आमचे त्या उत्तराने काही समाधान होत नसे, कारण डब्यातली पोळी गार झालेली असे.

ही आठवण निघायला कारण झाले. परवा एका लग्नात कूकटपल्लीकडे राहणारे एक तरुण गृहस्थ भेटले. बोलता बोलता म्हणाले, "काका, आता कायद्यानेच घराजवळ शाळा मिळते. तुम्ही जुनी मंडळी अजून कोठीकडच्या मराठी शाळांसाठी का हळहळता? पोराला दोन तास बसमध्ये कशाला बसवायचे?" प्रश्न सरळ होता. लग्नाच्या मांडवात त्याचे उत्तर देता आले नाही, म्हणून येथे देत आहोत.

कायदा त्यांच्या बाजूचा आहे. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने मुलाला शेजारच्या शाळेत शिकण्याचा हक्क दिला. २०१० च्या केंद्रीय नियमांनी 'शेजार' म्हणजे किती तेही ठरवले: पाचवीपर्यंत एक किलोमीटर, आठवीपर्यंत तीन, आणि तेही चालत जाण्याचे अंतर. या कल्पनेला आम्ही नावे ठेवणार नाही. १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोगाने परिसर-शाळेचा आग्रह धरला, तो मुलांचे पाय दुखू नयेत एवढ्यासाठी नव्हे. वस्तीतील वकिलाचा आणि हमालाचा मुलगा एकाच बाकावर बसावा, हा त्यामागचा हेतू होता. आमच्या हकीमसाहेबांचा मुलगा आणि आम्ही एका बाकावर बसलो असतो तर दोघांचेही भलेच झाले असते, असे आता या वयात वाटते.

पण त्याच कायद्यात दुसरेही एक कलम आहे. शक्य असेल तेथवर शिक्षणाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावी, असे ते सांगते. राज्यघटनेचे ३५०-अ हे कलम तर १९५६ पासूनच सांगत आले आहे की भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्याने करावी. एक कलम अंतर मोजते, दुसरे भाषा. तेलुगू घरातील मुलाच्या बाबतीत या दोघांची भेट बहुधा गल्लीतल्या शाळेतच होते. आपल्या मुलाच्या बाबतीत ती होत नाही.

ती का होत नाही, याचे कारण एका जुन्या आकड्यात आहे. १९४९ साली प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद भरली होती. तीत असे ठरले की शाळेत एखाद्या भाषेची चाळीस मुले असतील, किंवा एका वर्गात दहा असतील, तर त्या भाषेचा शिक्षक नेमलाच पाहिजे. नियम उदार आहे. पण मोजायचे कोणत्या रेषेच्या आत? शहाअलीबंड्यात चार मुले, काचीगुड्यात सहा, चिक्कडपल्लीत पाच आणि कूकटपल्लीत सात आहेत असे धरा. प्रत्येक मोहल्ल्याभोवती एकेक किलोमीटरचे कुंपण घातले तर दहा कोठेच भरत नाहीत. कारकून निमूटपणे लिहितो: मागणी नाही. तेच कुंपण काढून शहर एक धरले, तर या चार मोहल्ल्यांतच बावीस मुले निघतात आणि एका वर्गाला शिक्षक मिळतो. मुले तीच आणि नियमही तोच; फक्त रेषा बदलली. आपल्यासारखे विखुरलेले लोक जवळच्या शाळेच्या हिशेबात नेहमी शून्य येतात, ते यामुळे.

म्हणून शाळेची हद्द आखणे हे भूमितीचे काम नाही. अमेरिकेतील टोपेका गावची लिंडा ब्राऊन तिसरीत होती. तिच्या घरापासून सात चौकांवर शाळा होती, पण ती गोऱ्यांची. तिला सहा चौक चालून बस गाठायची आणि मैलभर दूरच्या काळ्यांच्या शाळेत जायचे, असा तेथला दंडक होता. तिच्या वडिलांनी दाद मागितली आणि १९५४ साली त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो दंडक मोडला. तिला जवळची शाळा हवी होती आणि ती नाकारली गेली. आम्हाला जवळची मिळत होती आणि आम्ही दूरची घेतली. एकाच मापाने या दोन्ही गोष्टी मोजता येणार नाहीत. जवळपणाचा वापर दार बंद करायलाही होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम काढला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेने गरीब मुलांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवण्याचे कारण नाही. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या जुलैत तो रद्द केला, हे बरे झाले.

आणि रेषा सरकारांनाच पक्की ठाऊक नसेल तर काय होते, ते पाहायला फार लांब जायला नको. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा आदिलाबादपैकी राजुऱ्याचा भाग तिकडे गेला. त्या डोंगरातील परमडोली, मुकदमगुडा वगैरे चौदा गावांवर चंद्रपूर आणि तेलंगण दोन्हीकडून हक्क सांगितला जातो. माणसांजवळ दोन रेशनकार्डे आणि दोन मतदार ओळखपत्रे. गावात एक मराठी शाळा आणि एक तेलुगू. तेथे बापाला पावले मोजावी लागत नाहीत, दोन्ही शाळा हाकेच्या अंतरावर. त्याला मोजावे लागते ते एवढेच की कोणत्या सरकारचा दाखला पोराला पुढे उपयोगी पडेल. आपल्या शहरात एक शाळा मिळत नाही आणि तेथे दोन मिळून अडचण, असा हा प्रकार.

आता थोडे आपल्याच घरातले. मराठी वर्ग रोडावले त्याला सरकारी कुंपण एकटे जबाबदार नाही. आमच्या पिढीने नदी ओलांडली ती मराठीसाठी. आमच्या मुलांची पिढी त्याच नयापुलावरून, त्याच जांबागेवरून पुढे इंग्रजी शाळांकडे गेली, आणि तेव्हा अंतराची तक्रार कोणी केली नाही. आम्हीही केली नाही. आमची दोन्ही मुले तशीच शिकली. म्हणून त्या तरुण गृहस्थांना दोन तासांच्या बसचे भय दाखवण्याचा अधिकार आहे, पण आम्हाला त्यांच्यावर रागावण्याचा नाही. १९०७ साली केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आदी मंडळींनी विवेक वर्धिनी उभी केली, तेव्हा सगळा राज्यकारभार उर्दूत होता. तेव्हाही सोयीची शाळा दुसरीच होती.

पण दोन तासांची बस हे प्रारब्ध नव्हे. ज्या वाड्यावस्त्यांत शाळा काढता येत नाही तेथील मुलांसाठी वाहनाची सोय करावी, असे शिक्षणहक्काच्या नियमांतच आहे. भाषेच्या बाबतीत आपण या महानगरातली एक वाडीच आहोत. शहराच्या चार दिशांना चार ठिकाणी चालू शाळांतच मराठीचा एकेक वर्ग आणि तेथवर वाहन, एवढे मागणे अवास्तव नाही. आदिलाबादच्या सीमाभागात हेच तेलंगण सरकार मराठी शाळा चालवते. त्याला मराठी परकी नाही.

मात्र मागायला आकडा हवा, आणि तो आपल्याजवळ नाही. भाषिक अल्पसंख्य मुलांची नावे वर्ष सुरू होण्याआधीच नोंदवून घ्यावीत आणि एका शाळेत ती पुरेशी नसतील तर शेजारच्या शाळांतून जुळवून घ्यावीत, ही सूचना सरकारदरबारी जुनी आहे. नावे देणारे कमी पडतात. शाळा जूनमध्ये उघडतात. त्याआधी मार्चपासून इसामिया बाजारच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात एक साधी वही ठेवावी, अशी आमची तेथील चालकांना विनंती आहे. मुलाचे वय, इयत्ता आणि मोहल्ला, एवढेच लिहायचे. कूकटपल्लीच्या त्या गृहस्थांचा मुलगा येत्या वर्षी पहिलीत जाणार आहे. त्यांनी नाव लिहिले तर त्या मोहल्ल्यात किती जण आहेत ते कळू लागेल. वहीची पहिली पाने आखून द्यायला आम्ही येऊ.